लिनक्सच्या जुन्या कमांडची दुरुस्ती इतकी सावकाश का होते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि जे संगणक उत्तम चालतात, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न घराघरांत येऊन पोचला. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात जुना डेस्कटॉप घेऊन जाणाऱ्याला, धरमपेठेतल्या एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयाला किंवा शिकवणी वर्गाच्या संगणक खोलीला यावर एक बिनखर्चाचा मार्ग सुचवला जातो, तो म्हणजे लिनक्स. तो बसवणे आता अवघड राहिलेले नाही आणि ब्राउझर, टंकलेखन, छपाई ही नेहमीची कामे पहिल्या दिवसापासून होतात. खरी पंचाईत होते ती जुन्या विंडोज संगणकावरची बाहेरची हार्ड डिस्क जोडताना. ती उघडत नाही आणि पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक वाक्य उमटते, ज्याचा आशय असा असतो: फाइल व्यवस्थेचा प्रकार चुकला आहे, किंवा पर्याय चुकला आहे, किंवा सुपरब्लॉक खराब आहे, किंवा कोडपेज अथवा मदतनीस प्रोग्राम सापडत नाही, किंवा आणखी काही चूक आहे.

पाच शक्यता सांगून शेवटी "किंवा आणखी काही" असे म्हणणाऱ्या या निदानावर वैतागणे स्वाभाविक आहे. ज्या प्रणालीवर जगातले बहुसंख्य सर्व्हर चालतात, तिला साधे कारण का सांगता येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लिनक्सच्या छोट्या, जुन्या, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या कमांडमध्ये सध्या काय बदलले जात आहे, काय बदलायचे राहिले आहे आणि त्याला इतकी वर्षे का लागतात, हे बऱ्यापैकी उलगडते.

हा संच कोणता आणि तो सांभाळतो कोण?

काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स हे फक्त कर्नलचे नाव आहे. कर्नल म्हणजे यंत्रसामग्रीशी बोलणारा आणि सगळ्या प्रोग्रामांना स्मृती, डिस्क, प्रोसेसर यांचा वाटा देणारा गाभा. हा गाभा वापरणाऱ्याशी थेट बोलत नाही. त्यासाठी अनेक लहान प्रोग्राम असतात. त्यांची नावे टर्मिनलमध्ये टाइप करून काम सांगितले जाते, म्हणून त्यांना कमांड म्हणतात. हे प्रोग्राम वेगवेगळ्या संचांतून येतात. फाइलींची नक्कल करणे, त्यांची यादी दाखवणे, तारीख सांगणे ही कामे कोअरयुटिल्स या संचातल्या कमांड करतात; संगणकावर कोणते प्रोग्राम चालू आहेत आणि स्मृती किती उरली आहे हे प्रॉक्प्स या संचाकडून कळते. या लेखाचा विषय असलेला तिसरा संच म्हणजे युटिल-लिनक्स. डिस्क जोडणारी माउंट, तिचे भाग पाडणारी एफडिस्क, जोडलेल्या डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके, कर्नलची नोंदवही दाखवणारी डीमेसेज, कोण कधी आत आले हे सांगणारी लास्ट, सर्वांच्या पडद्यावर सूचना पाठवणारी वॉल अशा शंभराच्या आसपास कमांड त्यात आहेत. कॅल नावाची दिनदर्शिकाही त्यातच आहे. तिला सप्टेंबर १७५२ दाखवायला सांगितले तर २ तारखेनंतर एकदम १४ येते, कारण ब्रिटनने त्या महिन्यात पंचांग बदलले होते.

या संचाचा पूर्वीचा सांभाळ मंदावला होता, तेव्हा २००६ मध्ये रेड हॅट कंपनीतले कारेल झाक यांनी त्याची वेगळी शाखा काढून काम हाती घेतले; २०११ मध्ये ती शाखा मूळ नावानेच ओळखली जाऊ लागली आणि झाक आजही तिचे प्रमुख सांभाळकर्ते आहेत. २.३९ ही आवृत्ती मे २०२३ मध्ये, २.४० मार्च २०२४ मध्ये आणि २.४१ मार्च २०२५ मध्ये आली, म्हणजे साधारण वर्षाला एक मोठी आवृत्ती. करायच्या राहिलेल्या कामांची यादीही गुप्त नसते. ती मूळ प्रोग्रामच्या कागदपत्रांबरोबरच ठेवलेली असते आणि कोणालाही वाचता येते. अशा याद्या वाचताना एक गोष्ट जाणवते की "नवी सोय द्यायची" या प्रकारची कामे थोडी असतात आणि "जुने वागणे न बिघडवता आतली जोडणी बदलायची" या प्रकारची कामे पुष्कळ.

"आणखी काही चूक" या निदानामागचे कारण

लिनक्समध्ये डिस्क जोडली की तिला फोल्डरांच्या रचनेत एखाद्या ठिकाणी जागा द्यावी लागते, आणि अशी जागा देण्याला माउंट करणे म्हणतात. माउंट ही कमांड स्वतः डिस्क उघडत नाही. ती वापरणाऱ्याचे म्हणणे समजून घेते, डिस्कवर कोणत्या पद्धतीने फाइली मांडलेल्या आहेत, म्हणजे तिची फाइल व्यवस्था कोणती, ते ओळखते आणि मग कर्नलला विनंती करते. प्रोग्रामने कर्नलला केलेल्या अशा विनंतीला सिस्टीम कॉल असे नाव आहे. जुन्या पद्धतीत ही विनंती एका दमात करावी लागे: कोणती डिस्क, कुठे जोडायची, कोणती फाइल व्यवस्था आणि कोणते पर्याय, हे सगळे एकत्र द्यायचे आणि उत्तरादाखल एक आकडा घ्यायचा. काम झाले तर शून्य, नाही झाले तर चुकीचा क्रमांक. पर्यायाचे नाव चुकले तरी २२ क्रमांक, डिस्कवरची मूळ माहिती ठेवणारा सुपरब्लॉक खराब असला तरी तोच २२. माउंट कमांडच्या हाती एवढाच आकडा येत असल्यामुळे ती बिचारी सगळ्या संभाव्य कारणांची माळ वाचून दाखवत असे.

कारण कर्नलला ठाऊक असतेच, पण ते तो दुसरीकडे, स्वतःच्या नोंदवहीत लिहितो. विंडोजमधून "सुरक्षितपणे काढा" न म्हणता ओढून काढलेली, एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेतली डिस्क हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. अशा डिस्कवर "काम अर्धवट राहिले" अशी खूण शिल्लक राहते आणि कर्नलमधला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर, म्हणजे ती फाइल व्यवस्था हाताळणारा भाग, ती खूण पाहून डिस्क जोडायला नकार देतो. डीमेसेज कमांडने नोंदवही उघडली की व्हॉल्यूम डर्टी आहे असे तिथे स्पष्ट लिहिलेले सापडते. ती डिस्क परत एखाद्या विंडोज संगणकाला लावून तपासून घेतली आणि नीट काढली की बहुधा प्रश्न मिटतो. अलीकडच्या आवृत्त्यांत माउंटच्या चूक-संदेशाखाली "अधिक माहिती डीमेसेजमध्ये असू शकेल" अशी एक ओळ जोडलेली दिसते. तात्पुरती मलमपट्टी म्हणून ती ठीक आहे, पण बऱ्याच वितरणांत, म्हणजे उबंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या तयार रूपांत, ती नोंदवही वाचायला प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणजे सामान्य वापरणाऱ्याला दाखवलेला दरवाजा बंदच.

खरा उपाय कर्नलच्या बाजूने २०१९ मध्ये ५.२ या आवृत्तीत आला. नव्या पद्धतीत माउंट करण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने होते: आधी कर्नलकडे एक कोरे प्रकरण उघडायचे, मग एकेक पर्याय स्वतंत्रपणे द्यायचा, सगळे जुळले की डिस्क सिद्ध करायची आणि शेवटी तिला फोल्डरांच्या रचनेत बसवायचे. कोणत्या टप्प्यावर गाडे अडले हे यामुळे कळतेच, शिवाय अडण्याचे कारण शब्दांत लिहून कर्नल त्याच प्रकरणात परत ठेवू शकतो. या पद्धतीचा दुसरा लाभ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना होतो. जुन्या विनंतीत सगळ्या पर्यायांना मिळून स्मृतीचे एकच पान, म्हणजे सर्वसाधारणपणे ४०९६ बाइट, मिळत असे. अनेक थर एकमेकांवर रचून चालणाऱ्या कंटेनरांना, म्हणजे एकाच सर्व्हरवर एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेल्या प्रोग्रामांना, ही मर्यादा अपुरी पडे आणि त्यातून वाट काढायला चित्रविचित्र युक्त्या कराव्या लागत.

युटिल-लिनक्सने ही नवी पद्धत २.३९ मध्ये, म्हणजे कर्नलनंतर जवळपास चार वर्षांनी स्वीकारली. उशिराचे कारण आळस खचितच नाही. प्रत्येक फाइल व्यवस्थेचा ड्रायव्हर नव्या पद्धतीत स्वतंत्रपणे आणावा लागतो, त्यातले काही आधी आले, काही मागाहून, आणि पर्यायांचा अर्थ लावण्यात जुन्या-नव्या मार्गांत बारीक फरक निघाले. म्हणूनच माउंटच्या आतल्या यंत्रणेत जुन्या मार्गाने जाण्याची सोय अजून ठेवलेली आहे. ठाऊक असलेल्या अडचणीच्या जागी ती आपण होऊन जुना मार्ग धरते. कारण शब्दांत सांगण्याचे कामही त्या त्या ड्रायव्हरने आपली कारणे नव्या जागी लिहिली तरच पूर्ण होणार आहे, आणि ते अजून चालू आहे.

याच्याच शेजारी आणखी एक काम आहे. संगणकावर काय काय माउंट केलेले आहे याची यादी कर्नल मजकुराच्या स्वरूपात देतो आणि त्यात एक ओळ बदलली तरी लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामाला अख्खी यादी पुन्हा वाचावी लागते. घरच्या संगणकावर यादी पन्नासेक ओळींची असल्याने ते खपून जाते. हजारो कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरवर ते खपत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ६.८ या कर्नलने एकाच नोंदीची चौकशी करण्याची सोय दिली, युटिल-लिनक्सच्या २.४१ मध्ये तिचा प्रायोगिक वापर सुरू झाला, आणि नेमके कोणते माउंट बदलले ते कळवण्याची व्यवस्थाही २०२५ मध्ये कर्नलमध्ये आली. हे सगळे तुकडे एकत्र जुळवणे हे पुढच्या आवृत्त्यांचे काम आहे.

रकाना हलवला की कोणाचे बिघडते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कमांडच्या आत बदल करता येत असेल, तर बाहेर दिसणारा मजकूरही सुधारून का टाकत नाहीत? यासाठी सातबाऱ्याचा उतारा डोळ्यांपुढे आणावा. भूमापन क्रमांक कुठे, भोगवटादाराचे नाव कुठे, क्षेत्र कुठे आणि इतर अधिकार कुठे, हे काटोल किंवा उमरेडच्या बँकेत पीककर्जाचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला इतके पाठ असते की तो मथळे वाचतच नाही, त्याची नजर थेट ठरलेल्या जागी जाते. उद्या कोणी चांगल्या हेतूने एक रकाना मध्ये घातला, तर उतारा अधिक माहितीपूर्ण होईल, पण त्या दिवशीच्या काही नोंदी चुकीच्या चौकटीत जातील. माणूस निदान दुसऱ्या-तिसऱ्या उताऱ्याला थबकेल. स्क्रिप्ट थबकत नाही.

स्क्रिप्ट म्हणजे एकामागून एक चालवायच्या कमांडची लिहून ठेवलेली यादी. रात्री दोन वाजता बॅकअप घेणारी, डिस्क भरत आली की ईमेल पाठवणारी, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतले चाळीस संगणक एकदम तपासणारी अशी स्क्रिप्ट बहुतेक वेळा एका कमांडचा छापील मजकूर घेते, त्यातला चौथा किंवा सातवा रकाना उचलते आणि दुसऱ्या कमांडला देते. लिहिणारा नोकरी सोडून पुण्याला निघून गेलेला असतो आणि स्क्रिप्ट मात्र दहा वर्षे चालत राहते. युटिल-लिनक्सच्या सांभाळकर्त्यांना अशा स्क्रिप्ट कुठे आणि किती आहेत हे कधीच कळणार नसते, पण मजकुराला हात लावताना त्या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

हा धोका कल्पनेतला नाही. एलएसबीएलके ही कमांड प्रत्येक डिस्कपुढे ती कुठे माउंट केली आहे ते एका रकान्यात दाखवत असे. पण एकच डिस्क एकाच वेळी अनेक ठिकाणी माउंट करता येते, आणि बीटीआरएफएससारख्या फाइल व्यवस्थांत तर ते नित्याचेच आहे. जुना रकाना त्यातले एकच ठिकाण दाखवून बाकीची गाळत असे. २.३७ या आवृत्तीत त्या रकान्याचे नाव एकवचनी होते ते अनेकवचनी करण्यात आले आणि सगळी ठिकाणे एकाखाली एक दिसू लागली. माहिती अचूक झाली. मात्र मथळ्याचा जुना शब्द शोधणाऱ्या आणि एका डिस्कसाठी एकच ओळ गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्टना फटका बसला.

यावरचा दीर्घकालीन उपाय म्हणजे माणसाने वाचायचा मजकूर आणि प्रोग्रामने वाचायची माहिती यांची फारकत करणे. एलएसबीएलकेसारख्या बऱ्याच कमांडना आता जेसन स्वरूपात उत्तर मागता येते. जेसनमध्ये प्रत्येक माहितीला नाव जोडलेले असते, त्यामुळे ती कितव्या जागी आहे याला महत्त्व उरत नाही. कोणते रकाने हवेत ते नावानिशी सांगण्याचीही सोय आहे आणि नव्याने स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने निदान एवढे तरी करावे. त्याही पुढे जाऊन या संचाने आपल्या कमांडमधला कामाचा भाग लायब्ररींत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना थेट वापरता येतील अशा वेगळ्या तुकड्यांत, काढून ठेवला आहे: डिस्कवर काय आहे ते ओळखणारी लिबब्लकआयडी, माउंटची लिबमाउंट, विभागणीची लिबएफडिस्क, रकाने मांडणारी लिबस्मार्टकॉल्स. ज्याला माहिती हवी त्याने कमांडचा छापील मजकूर चाळत बसण्याऐवजी लायब्ररीला विचारावे, अशी ही योजना आहे. माझ्या मते गेल्या दोन दशकांत या संचात झालेले सर्वांत मोलाचे काम हेच आहे, जरी वापरणाऱ्याला ते कधीच दिसत नसले.

१९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे

बाकीच्या सुधारणा जमतील तशा करता येतात; या सुधारणेला मात्र तारीख ठरलेली आहे. युनिक्सच्या परंपरेत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. हा आकडा ३२ बिटांच्या चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही आकडे ठेवणाऱ्या, जागेत ठेवला तर त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढेच मावते. तेवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पुरे होतील. त्याच्या पुढच्या सेकंदाला आकडा उलटून ऋण होईल आणि अशा जागेत ठेवलेली वेळ डिसेंबर १९०१ अशी वाचली जाईल.

यावर जाणकार वाचक लगेच म्हणतील की आजचे संगणक ६४ बिटांचे आहेत आणि त्यांच्यात वेळेलाही ६४ बिट मिळतात, मग भीती कसली? कर्नलपुरते आणि बहुतेक प्रोग्रामांपुरते हे खरे आहे. पण कोण कधी संगणकात शिरले याच्या नोंदी ठेवणाऱ्या जुन्या फाइलींत, म्हणजे यूटीएमपी, डब्ल्यूटीएमपी आणि लास्टलॉग यांच्यात, इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या ६४ बिटी संगणकांवरसुद्धा वेळेसाठी ३२ बिटांचीच जागा आहे. एकच फाइल ३२ बिटी आणि ६४ बिटी अशा दोन्ही प्रोग्रामांना वाचता यावी म्हणून एके काळी ती मुद्दाम तशी ठेवली गेली. त्या वेळी तो निर्णय शहाणपणाचाच होता. आता नोंदीतली जागा रुंद करायची म्हटले तर ती फाइल वाचणारे सगळे जुने प्रोग्राम एका क्षणात निरर्थक वाचू लागतील.

त्यामुळे फाइलींचा आकार बदलण्याऐवजी फाइलीच बदलायचे ठरले. यात पुढाकार सुझे या कंपनीतले थॉर्स्टन कुकुक यांचा आहे. सध्या कोण आत आहे हे यूटीएमपीऐवजी सिस्टीमडीच्या, म्हणजे संगणक सुरू करून त्यावरच्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, लॉगिन-व्यवस्थापकाला विचारायचे, आतापर्यंतच्या ये-जा नोंदी डब्ल्यूटीएमपीडीबी या नव्या प्रोग्रामाकडे द्यायच्या आणि प्रत्येकाची शेवटची भेट लास्टलॉग२ मध्ये ठेवायची, अशी मांडणी पुढे आली. यांपैकी लास्टलॉग२ हा तुकडा २.४० मध्ये युटिल-लिनक्सच्या संचात सामील झाला. त्याच्या नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये राहतात.

लास्टलॉगची जुनी फाइल जाण्याचे मला व्यक्तिशः समाधान आहे, आणि त्याचे कारण २०३८ शी निगडित नाही. त्या फाइलीत प्रत्येक वापरकर्त्यासाठी २९२ बाइटची जागा त्याच्या क्रमांकानुसार ठरलेली असे. घरच्या संगणकावर क्रमांक हजाराच्या आसपास असतात, तिथे बिघडत नाही. मोठ्या संस्थेत मात्र वापरकर्त्यांचे क्रमांक मध्यवर्ती व्यवस्थेतून कोट्यवधींच्या घरात दिले जातात. एक अब्ज क्रमांकाचा एकच माणूस आत आला की फाइलीचा आकार २९२ जीबी दिसू लागतो. प्रत्यक्षात बहुतेक जागा पोकळ असते, पण पोकळी न ओळखणारा बॅकअप प्रोग्राम तेवढे शून्य इमानेइतबारे कॉपी करत बसतो.

"एक तप बाकी आहे, आतापासून कशाला?" हा आक्षेपही रास्त वाटू शकतो. लॉगिनच्या नोंदीत भविष्यातली तारीख येत नाही, त्यामुळे ती फाइल त्या सकाळपर्यंत बिनतक्रार चालेल, हेही खरे. परंतु बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आज बसवलेले नियंत्रण-यंत्र पंधरा-वीस वर्षे चालवण्याच्या हिशेबानेच घेतलेले असते आणि अशा यंत्रांवरची प्रणाली दरवर्षी कोणी बदलत नाही. २०३८ मध्ये जी यंत्रे चालू असतील त्यांपैकी काही आजच खोक्यातून बाहेर निघत आहेत.

अकरा वर्षे दबून राहिलेली चूक

सुरक्षेचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण त्याचे एकच उदाहरण बोलके आहे. वॉल ही कमांड एकाच सर्व्हरवर काम करणाऱ्या सर्वांच्या टर्मिनलवर सूचना पाठवते. दुसऱ्याच्या पडद्यावर लिहायचे म्हणजे जास्तीचा अधिकार हवा, म्हणून काही वितरणांत तिला टर्मिनल-गटाचा अधिकार कायमचा जोडून दिलेला होता. २०१३ मध्ये झालेल्या एका बदलापासून ही कमांड तिच्या नावापुढेच टाइप केलेल्या मजकुरातली पडद्याचे नियंत्रण करणारी चिन्हे गाळेनाशी झाली, आणि ते मार्च २०२४ मध्ये उघडकीला आले. त्या चिन्हांच्या साहाय्याने दुसऱ्याच्या पडद्यावर पासवर्ड मागणारी खोटी ओळ उभी करणे शक्य होते. उबंटूत अनोळखी कमांड टाइप केली की तिचे नाव एका मदतनीस प्रोग्रामाला दिले जाते. फसलेल्याने तिथे टाइप केलेला पासवर्डच "अनोळखी कमांड" म्हणून त्या मदतनीसाकडे जाई आणि चालू प्रोग्रामांच्या यादीत इतरांना दिसे.

२.४० मध्ये गाळणी दुरुस्त झाली. डेबियनने त्याही पुढे जाऊन वॉल आणि तिची बहीण राइट या दोघींचा तो जोडलेला अधिकारच काढून घेतला, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक शहाणपणाचे होते. जिथे हा अधिकार मुळात दिलेलाच नव्हता त्या वितरणांत ही चूक असूनही निरुपद्रवी राहिली.

मग सगळे रस्टमध्ये नव्याने का लिहीत नाहीत?

हा प्रश्न महाविद्यालयांतले विद्यार्थी हमखास विचारतात. रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा स्मृती हाताळण्यातल्या एका मोठ्या गटाच्या चुका होऊच देत नाही, आणि सी भाषेतल्या जुन्या प्रोग्रामांना त्याच चुका सतावतात. कोअरयुटिल्स या शेजारच्या संचाचे रस्टमध्ये पुनर्लेखन यूयूटिल्स या प्रकल्पाने केले आहे आणि ऑक्टोबर २०२५ मधल्या उबंटू २५.१० मध्ये ते मूळ संचाच्या जागी बसवले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत असे आढळले की डेट या कमांडला एखाद्या फाइलीची तारीख विचारली तर नवी कमांड तो पर्याय मुकाट्याने स्वीकारे, त्याकडे दुर्लक्ष करे आणि चालू वेळ सांगून मोकळी होई. तिच्या उत्तरावर विसंबून असलेली आपोआप सुरक्षा-सुधारणा तपासण्याची व्यवस्था त्यामुळे थांबली. दुरुस्ती झटपट झाली, पण "हा पर्याय मला येत नाही" असे ती कमांड स्पष्ट म्हणाली असती तर ही गोष्ट पहिल्याच तासाला लक्षात आली असती.

यावरून रस्ट निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मूळ संचाच्या चाचण्या या नव्या प्रोग्रामांवर चालवून फरक मोजले जातात आणि त्या ओघात खुद्द मूळ चाचण्यांतली भोकेही सापडतात. युटिल-लिनक्सचे रस्ट पुनर्लेखनही त्याच प्रकल्पात सुरू झाले आहे, मात्र ते बाल्यावस्थेत आहे. इतके लक्षात ठेवावे की वॉलमधली चूक स्मृतीची नव्हती, विचारातली होती, आणि ती रस्टमध्येही तितक्याच सहजपणे लिहिता आली असती. भाषा बदलली तरी चाळीस वर्षांत साचलेले बारीकसारीक वागणे एकेक करून पुन्हा उभारावेच लागते.

माउसने काम करणाऱ्याचा याच्याशी संबंध काय?

टर्मिनल कधीही न उघडणाऱ्यालाही हे बदल लागू पडतात. फाइल व्यवस्थापकात पेन ड्राइव्हच्या चित्रावर टिचकी मारली की पडद्यामागे तिची ओळख पटवायला लिबब्लकआयडी आणि तिला जागा द्यायला लिबमाउंट कामाला लागतात, आणि संगणक सुरू होताना सिस्टीमडीही याच लायब्ररी वापरते. चूक-संदेश तिथे सुबक चौकटीत दिसतो, इतकाच फरक.

सुधारणा आपल्या संगणकापर्यंत केव्हा पोचते?

नवी आवृत्ती निघाली म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सर्वत्र पोचते असे नाही. लिनक्सची वितरणे एक आवृत्ती निवडतात, ती पारखतात आणि पुढची काही वर्षे तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या करतात. उबंटू २२.०४ मध्ये युटिल-लिनक्सची २.३७ ही आवृत्ती आहे, २४.०४ मध्ये २.३९, डेबियन १२ मध्ये २.३८ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये २.४१. याचा अर्थ असा की २२.०४ वर थांबलेल्या कार्यालयाला माउंटची नवी पद्धत अजून मिळालेली नाही. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये माउंटचे रोमन लिपीतले नाव, त्यापुढे एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून व्हर्जन हा शब्द टाइप करावा. उत्तरात युटिल-लिनक्सचा क्रमांक येतो.

जुन्या संगणकाला नवे आयुष्य देऊ पाहणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. इंटेल-एएमडीचा प्रोसेसर ३२ बिटी असेल तर डेबियन १३ त्यावर नव्याने बसवता येत नाही. एआरएमच्या ३२ बिटी यंत्रांसाठी डेबियनने वेळेची जागा ६४ बिटांची करून घेतली, पण इंटेलच्या जुन्या ३२ बिटी संगणकांना त्यातून मुद्दाम वगळले, कारण त्यांचा उपयोग आता मुख्यतः जुने प्रोग्राम चालवण्यापुरता उरला आहे आणि वेळेची जागा बदलली तर तेच प्रोग्राम चालेनासे होतील.

ज्यांच्याकडे सर्व्हर आहेत त्यांना मात्र डेबियन १३ वर जाण्याआधी थोडे घरकाम करावे लागेल. लास्ट, फसलेले लॉगिन दाखवणारी लास्टबी आणि लास्टलॉग या परिचित कमांड तिथल्या नेहमीच्या पॅकेजांतून वगळल्या आहेत आणि त्यांच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी, लास्टलॉग२ व एलएसलॉगिन्स वापरावे असे सुचवले आहे. लास्टलॉग२ ला जुन्या फाइलीतल्या नोंदी आपल्याकडे ओढून घेता येतात, पण तसे तिला सांगावे लागते. कोण केव्हा आत आले याचा मासिक अहवाल एखादी स्क्रिप्ट काढत असेल, तर ती आधी शोधून काढावी, नव्या कमांडवर चालवून पाहावी आणि मगच सर्व्हर बदलावा.